बिनअंगठ्याची भिंत

प्रिय मुंगे,

तू पाठवलेला लखोटा मंगळवारीच पोचला. आज शुक्रवार. या चार दिवसांत तू पाच वेळा फोन केलास आणि पाचही वेळा मी काहीतरी सांगून तुला कटवलं. आधी म्हटलं चष्मा दुरुस्तीला दिलाय, मग म्हटलं शिक्का सापडत नाही, काल तर शिक्क्याची शाई वाळली म्हणून सांगितलं. तू बिचारी म्हणालीस, नवी शाई पाठवून देते. मुंगे, चष्मा नाकावरच आहे. शिक्का समोर टेबलावर आहे. शाईच्या डबीत तुझ्या आईने चार थेंब पाणी टाकून ती कधीच ओली करून ठेवली आहे. आज जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "फोनवर तुम्ही गोड बोलून वेळ मारून नेता. बसा आणि लिहा." आणि दार ओढून घेऊन शेजारी जाऊन बसली. तुला माहीत आहे, ती चिडली की भांडी वाजतात. या वेळी भांडी वाजली नाहीत, म्हणून मी मुकाट्याने लिहायला बसलो. कुरिअरवाला पाच वाजता येतो. आत्ता अडीच झालेत.

तू लिहिलेला कागद मी इतक्या वेळा वाचला की आता पाठ झालाय. हॉस्पिटलच्या तक्रार खिडकीवर बारा वर्षं बसून तुझा हात चांगलाच तयार झाला आहे, हे मान्य करायला हवं. "मी, नोंदणीकृत बांधकाम ठेकेदार, एक्केचाळीस वर्षांचा अनुभव असलेला, सदर घराच्या मागच्या खोलीची भिंत स्वतः तपासली असून तिच्यात फक्त गिलाव्याचे वरवरचे तडे आहेत, भिंत आणि पाया मजबूत आहेत." खाली माझं नाव, परवान्याचा नंबर, सहीसाठी रेघ आणि शिक्क्यासाठी चौकोन. चौकोन पेन्सिलीने आखलास, म्हणजे म्हाताऱ्याने शिक्का वाकडा मारू नये. आठवीत भूमितीच्या वहीत तुला एक रेघ धड मारता येत नव्हती, आणि आज बापाला चौकोन आखून देतेस. मला हसू आलं, आणि मग ते गेलं.

बँकेच्या तपासणीचा अहवालही तू सोबत जोडलास, "बघा तरी ती तपासणीवाली बाई काय काय लिहून गेली" म्हणून. अकरा पानं आहेत. सातव्या पानावर त्या भिंतीचा फोटो आणि फोटोवर लाल बाण. भिंत ओळंब्यात नाही, वरून बाहेर ढळली आहे. गिलाव्यामागे पोकळी आहे. कोपऱ्यात ओल आहे. मागची खोली बहुधा नंतर वाढवलेली असावी आणि तिच्याखालची जमीन कदाचित खचत असावी. पाया उघडून पाहिल्याशिवाय या घरावर कर्ज देऊ नये. त्या "बहुधा" आणि "कदाचित"खाली तू लाल पेनाने रेघा मारल्यास. फोनवर म्हणालीस, "बाबा, तिलाच खात्री नाही. परवा कॉलेजातून बाहेर पडलीय ती. तुमचे केस गिलाव्यात पांढरे झाले." केस वयानेही पांढरे होतात गं, पण तू मला नेहमीच जरा वाढवून सांगतेस.

तुझी अडचण मला कळत नाही असं नाही. बँक म्हणते, एक तर भिंत उघडून दाखवा, नाहीतर अनुभवी ठेकेदाराचं लेखी द्या, सोमवारपर्यंत. घराची मालकीण, त्या रिटायर नर्सबाई, म्हणतात की सौदा पक्का झाल्याशिवाय भिंतीला हातोडा लावू देणार नाही. "उद्या तुम्ही माघार घेतलीत तर भोक पडलेलं घर मी कुणाला विकू?" त्यांचंही चुकत नाही. आणि तुम्ही दोन वर्षांत सव्वीस घरं पाहिलीत. जावईबापूंची रजा त्यात संपली. त्या भाड्याच्या दोन खोल्यांत वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाकून जाता जाता तुझी पाठ धरली आहे, आणि तुझी लेक, आपली छोटी, वॉशिंग मशीनवर वही ठेवून उभ्याने अभ्यास करते. मागच्या वेळी आलो तेव्हा मशीन गरगरायला लागलं तशी ती शांतपणे वही उचलून, थांबून, पुन्हा लिहायला लागली. सात वर्षांच्या पोरीने इतकं समजूतदार असू नये. ते पाहिल्यापासून हे घर तुम्हाला मिळावं असं मला तुझ्याहून जास्त वाटत होतं. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की बापाला आपली काही पडलेलीच नाही.

आपण घर बघायला गेलो ती दुपार आठवते ना? तू मला स्टँडवरून घ्यायला आलीस आणि वाटभर बजावत होतीस, "बाबा, उगाच खोट काढू नका, पण खरं तेच सांगा." मी खिशात ओळंबा टाकून आणला होता. पुढच्या खोल्या पाहिल्या, स्वयंपाकघराचा ओटा पाहिला, नळ सोडून पाहिले. मग मागच्या खोलीत शिरलो. खिडकीतून उजेड येत होता आणि छोटीने आत पाऊल ठेवताच जाहीर केलं की ही खोली तिची. भिंतीला पाठ लावून, हात पसरून तिने पलंगाची जागाही मापली. मी त्याच भिंतीवर तळहात फिरवला. आणि तेवढ्यात तू तिला आपला जुना खेळ शिकवलास.

तू लहान असताना कुठल्याही घरी पाहुणे म्हणून गेलो की तू आधी दारामागे घुसायचीस. माझी सवय तुला ठाऊक होती, गिलावा ओला असताना दारामागे, जमिनीपासून वीतभर वर, कोपऱ्यात अंगठा दाबायचा. सही म्हणून म्हण किंवा खोड म्हणून. गावातल्या निम्म्या दारांमागे तू माझा अंगठा शोधून काढलास आणि यजमानांपुढे मला लाजवलंस. एकदा तर दवाखान्यात, तुझ्या अंगात ताप असताना, डॉक्टरांच्या दारामागे वाकून बसलीस. त्या दिवशी तू छोटीला म्हणालीस, "बघ गं, आजोबांचा अंगठा आहे का." ती रांगत दारामागे गेली, भिंत चाचपली, आणि धुळीने माखलेले गुडघे घेऊन बाहेर आली. "नाही सापडला, आजोबा." तू हसून मला चिडवलंस, "तुमचं काम नाही बाबा हे, तरी बघा किती चांगलं केलंय." मीही हसलो. ओळंबा खिशातच राहिला. बाहेर पडताना तुला म्हटलं, "डोळे झाकून घे." त्याच संध्याकाळी तू नर्सबाईंना बयाणा देऊन टाकलास.

तपासणीच्या दिवशी तुम्हा दोघांना सुट्टी नव्हती म्हणून नर्सबाईंकडून किल्ली घेऊन मी गेलो. ती मुलगी तुला वाटते तशी कच्ची नाही, मुंगे. आखूड केस, पायात जाड बूट, पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी. चहाला नको म्हणाली, खुर्चीला नको म्हणाली. प्रत्येक भिंतीला बोटाच्या पेराने वाजवत गेली, अगदी आम्ही वाजवतो तशी, कान तिरका करून. मागच्या खोलीत कोपऱ्यापासून हातभर अंतरावर थांबली. तिथे पुन्हा वाजवलं. मग खाली, मग वर. ओल मोजायचं छोटं यंत्र लावलं. मी दारात उभा होतो. एक्केचाळीस वर्षांत माझं काम कुणी असं कान लावून ऐकलं नव्हतं. तिने माझ्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, तुम्ही याच कामातले ना? इथे गिलाव्याच्या आत जाळी असेल असं वाटतं का तुम्हाला?" मी म्हटलं, "मला काय माहीत." ती मान हलवून लिहायला लागली. तुझ्या लाल रेघांवरचे ते "बहुधा" आणि "कदाचित" तिथून आले आहेत. मी एक वाक्य खरं बोललो असतो तर ते शब्द तिथे नसते, आणि तुला भांडायला जागाही राहिली नसती.

आत जाळी आहे. कोंबडीच्या खुराड्याला लावतात ती, दीड हात रुंद, जमिनीपासून छतापर्यंत. मीच ठोकली आहे.

तेवीस वर्षं झाली. तेव्हा तिथे एक फोटोवाला राहायचा. मागची खोली त्याने फोटो धुवायला म्हणून वाढवून घेतली होती, आणि ती उभी केली होती जुन्या शोषखड्ड्यावर. खड्डा नुसता मातीने भरून त्यावर भिंत चढवलेली. दोन पावसाळे गेले आणि कोपरा फाटला, माझी करंगळी आत जाईल इतका. घर विकायला काढलं म्हणून त्याने मला बोलावलं. मी त्याला सांगितलं होतं, बाहेरून खणून पाया खालपासून धरायला हवा, नाहीतर ही भिंत जातच राहणार. तो म्हणाला, "तुम्ही गिलावा करा, पायाचं मी बघतो." तो बघणार नाही हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मी भेगेत विटांचे तुकडे आणि सिमेंटचा माल ठासला, वर जाळी ठोकली, गिलाव्याचे दोन थर चढवले आणि भिंत घोटायचा लाकडी रंधा असा फिरवला, असा फिरवला, की तसा पुन्हा कधी फिरवला नाही. दुपारभर त्या एका भिंतीपुढे होतो. शेवटी सवयीने दारामागे वाकलो आणि अंगठा लावायचा तो लावला नाही. हात धुतले आणि घरी आलो.

मला फार वाटतं की यामागे काही मोठं कारण सांगावं. घरात कुणी आजारी होतं, तुझ्या शाळेची फी होती, असं काहीतरी. चार दिवस मी तेच शोधतोय. काही नव्हतं. हातात दुसरी कामं होती, घरात सगळं ठीक होतं. नाही म्हटलं तर फोटोवाला दुसरा कुणी आणेल, मग आपणच का नको, एवढाच विचार केला. थकलो होतो आणि वाद घालायचा कंटाळा आला होता. तुझ्या आईला त्या रात्री जेवताना सांगितलं. ती इतकंच म्हणाली, "तुमचं तुम्हाला माहीत." तेवीस वर्षांनी, तुझा लखोटा आल्यावर, तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

तू विचारशील, मग घर बघायला आलात तेव्हा तोंडाला कुलूप का लावलंत? पत्ता ऐकून कळलं नव्हतं गं, तो रस्ता आता ओळखू येत नाही, पुढे सगळी दुकानं झाली आहेत. कळलं ते हात फिरवल्यावर. आता जे लिहितोय ते लिहायला मला सगळ्यात जड जातंय. हात फिरवला तेव्हा मला भीती वाटायला हवी होती. लाज वाटायला हवी होती. मला वाटला तो अभिमान. तेवीस वर्षांनी ती भिंत अजून आरशासारखी होती. कोपऱ्यात केसाएवढी रेघ, बाकी कुठे लाट नाही, पोपडा नाही. म्हातारपणी, गुडघे गेलेले, कुणी कामाला बोलवत नाही, आणि माझ्या हातचं काम असं समोर उभं. वर तू म्हणालीस, किती चांगलं केलंय. मी त्यातच फुलून गेलो. "डोळे झाकून घे" हे मी घराबद्दल बोललोच नव्हतो, मुंगे, माझ्या गिलाव्याबद्दल बोलत होतो. घरी परतताना गाडीत बसल्यावर हळूहळू डोक्यात प्रकाश पडला, की छोटीने पलंग मापला तो त्याच भिंतीला लावून. तेव्हाच फोन करायला हवा होता. मग वाटलं, बँकेची तपासणी होईल, ते पकडतील, म्हणजे मला बोलायची वेळच येणार नाही. आणि त्यांनी पकडलं, तेव्हा तू माझ्याच जिवावर त्यांच्याशी भांडायला उभी राहिलीस.

काल मी नर्सबाईंकडे जाऊन आलो. तुला न सांगता गेलो, त्याबद्दल रागव. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, हे घर घेताना त्यांनी पाच घरं पाहिली होती, आणि मन बसलं ते मागच्या खोलीची भिंत बघून. "इतकी गुळगुळीत भिंत मी कुठे पाहिली नव्हती." आयुष्यभर लोकांच्या जखमा बांधलेल्या बाई त्या, वरून नीट दिसणारी जखम आत काय करते हे मी त्यांना काय सांगणार. घर विकून त्यांना बहिणीकडे राहायला जायचंय, बहीण एकटी आहे. त्यांचंही मी अडवून ठेवलं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, आता काय करायचं. मी म्हटलं, उघडायचं. हातोडा मी मारतो, तुमचा एक पैसा न घेता. बाहेरून खणून पाया थोडा थोडा करून खालपासून धरायचा, आणि नाहीच धरला तर ती खोली उतरवायची. बाकीचं घर चांगलं आहे, ते मी आता खरंच ओळंबा लावून पाहिलं. गुडघे कुरकुरतील, पण बसून काम करता येतं. दोन माणसं बरोबर घेईन. बाई हो म्हणाल्या. तू घर घ्यायचं नाही असं ठरवलंस तर बयाणा परत करीन असंही म्हणाल्या, आणि तसं झालं तरी त्यांची भिंत मी करून देणारच आहे.

तुम्ही काय करायचं ते मी सांगणार नाही. सांगायचा हक्क मी त्या दुपारी घालवला. पावसाळ्याआधी काम झालं तर बँक पुन्हा तपासणी करील, आणि तीच मुलगी यावी असं मला वाटतं. तोवर आणखी काही महिने कपड्यांखालून वाकावं लागेल, याचं मला फार वाईट वाटतं. आता रडू नकोस. रडलीस तर चालेल, पण हॉस्पिटलच्या खिडकीवर नको, तिथे आधीच लोक तक्रारी घेऊन येतात.

तू टाइप केलेला कागद सही न करता परत पाठवतोय. त्याच्यासोबत दुसरा कागद आहे, तो सोमवारी बँकेत दे. तो मी हाताने लिहिला आहे, अक्षर सांभाळून घे. त्यात लिहिलंय की तपासणी करणाऱ्या बाईंचा अहवाल बरोबर आहे, "बहुधा" आणि "कदाचित" काढून टाकावेत, कारण ती भेग मी स्वतः पाहिली आहे आणि मी स्वतः झाकली आहे. तारीख घातली आहे, सही केली आहे, परवान्याचा नंबर घातला आहे, आणि शिक्का तू आखला असतास तितक्याच सरळ चौकोनात मारला आहे. सगळ्यात खाली, उजव्या कोपऱ्यात, शाईत बुडवून अंगठा लावलाय. बँकवाले हसतील, सही येणारा माणूस अंगठा का लावतो म्हणून. हसू देत. बँकेत देण्याआधी तो कागद एकदा छोटीला दाखव. त्या दिवशी ती धुळीत रांगली आणि मी तिच्यादेखत हसलो. तिला म्हणावं, सापडला.

तुझाच,
उशिरा खरं बोलणारा
बाबा